सातवीच्या मुलांना खाडी आणि येऊर खरोखर शिकवायचं आहे. कुणाकडून आणि कसं?

ऐरोलीच्या बाई · १२ मे

नमस्कार. ऐरोलीतल्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, तेरा वर्षं झाली. पर्यावरण मंडळही माझ्याकडेच आहे. दर ५ जूनला आमच्याकडे घोषवाक्यं होतात, पोस्टरं होतात, कुंडीत रोप लावून फोटो निघतो आणि फाईल बंद होते.

मागच्या वर्षी सहामाहीला प्रश्न होता, 'खारफुटीचे तीन उपयोग लिहा'. बेचाळीस मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं: किनाऱ्याची धूप थांबते, माशांची पिल्लं वाढतात, वादळापासून संरक्षण मिळतं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यातून ठाणे खाडीच्या काठचा हिरवा पट्टा स्वच्छ दिसतो. पेपर वाटून झाल्यावर मी मुलांना तिथे उभं केलं आणि विचारलं, ती झाडं कसली? एक म्हणाला, जंगल. एकीने सांगितलं, 'आई म्हणते तिकडे जायचं नाही, घाण आहे.' खारफुटी कुणीच म्हणालं नाही. ज्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क होते तीसुद्धा.

मग हिवाळ्यात साठ मुलांना घेऊन डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. सहल एकाने ठरवून दिली होती. छापील चौकटीत वारली चित्रं रंगवली, तारपा ऐकला, भाकरी खाल्ली, दोन वाजता बसमध्ये. परत येताना एका मुलाने विचारलं, 'बाई, ते लोक रोज असेच असतात, की आपण येणार म्हणून तसे होते?' मला उत्तर देता आलं नाही. ते अजून टोचतं.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत. मुख्याध्यापक त्यातले सहा मला द्यायला तयार आहेत. कोळीवाडा माझ्या शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, येऊरचं जंगल बसने तासाभरावर. ज्यांना ही खाडी आणि हे रान खरंच कळतं, त्यांच्याकडून माझ्या मुलांनी हाताने काही करत शिकावं, एवढीच इच्छा आहे. तमाशा नको. कुठून सुरू करू? कुणाला बोलावू, त्यांना काय आणि कसं द्यायचं? बारा वर्षांच्या मुलांकडून नेमकं काय करून घेता येईल?

---

कळव्याचे गुरुजी · १२ मे

बाई, बसमधल्या त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. त्याचा प्रश्न हाच तुमच्या वर्षाचा पहिला धडा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं होतो, त्यातली सतरा मुरबाड आणि शहापूरच्या पाड्यांवर गेली. ठाकूर आणि कातकरी मुलं. पहिली दोन वर्षं मी हजेरीपटाशी भांडण्यात घालवली. मार्च लागला की पट निम्म्यावर यायचा आणि मी घरोघरी जाऊन आईबापांना बोल लावायचो. तिसऱ्या वर्षी, का सुचलं ते आता आठवत नाही, पण शाळेच्या ओसरीच्या भिंतीवर गेरूने एक मोठं वर्तुळ काढलं. त्याला बारा घरं पाडली, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि प्रत्येक घरात दोन-तीन खिळे ठोकले. मुलांना सांगितलं की दर सोमवारी, गेल्या आठवड्यात रानातून, ओढ्यातून घरात जे आलं त्यातलं थोडं आणायचं. बी, साल, वाळलेलं फूल, खेकड्याचा आकडा, पीस. दोऱ्यात बांधून त्या महिन्याच्या खिळ्याला अडकवायचं आणि कुठून आलं, कुणी आणलं ते सांगायचं.

वर्ष संपलं तेव्हा ती भिंत माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जड झाली होती. चैत्रात मोहाची फुलं. वैशाखात करवंदांच्या आणि आंब्याच्या कोया-बिया. ज्येष्ठात शेवळं, आषाढात मुठे म्हणजे छोटे खेकडे आणि वलगणीचे, म्हणजे पहिल्या पुरात ओढ्याने वर चढणारे, मासे (माशांचे काटे बांधून आणले होते पोरांनी, वास येईपर्यंत ठेवले), श्रावणात कर्टुली. भाद्रपदाच्या घरात नुसते रानकंदांचे वाळलेले काप. विचारलं, एवढंच? एक मुलगी म्हणाली, 'गुरुजी, तेव्हा घरात दाणा नसतो.' आणि कार्तिकापासून पुढे कातकरी मुलांच्या खिळ्यांना काहीच नव्हतं, कारण मुलंच नव्हती. आईबाप वीटभट्टीवर, पोरं त्यांच्यासोबत. पहिल्या पावसाच्या तोंडावर परत.

त्या रात्री मी हजेरीपट आणि वर्तुळ शेजारी ठेवून बसलो. सगळं जुळत होतं. मोहाचं फूल पहाटे गळतं. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरंढोरं खाऊन जातात. आणि आपली शाळा मार्चमध्ये सकाळची होते, नेमकी त्याच वेळी! केंद्रप्रमुखांशी बोलून पुढच्या वर्षी मोहाचे तीन आठवडे शाळा दुपारी भरवली. मुलं आली. वीटभट्टीचं मात्र मला काही करता आलं नाही, ते दुःख आहेच.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण शहरातल्या शाळा आदिवासींकडे 'निसर्गाच्या कुशीतले सुखी लोक' बघायला जातात. त्या ज्ञानात भूक आहे, स्थलांतर आहे. कातकऱ्यांची गणना सरकार अतिअसुरक्षित जमातींत करतं; महाराष्ट्रात अशा तीनच आहेत, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. खैराच्या जंगलावरचा हक्क गेला तसा धंदाही गेला. सातवीच्या मुलांना हे कळतं. त्यांच्यापासून लपवू नका.

आता तुमच्या कामाचं. असंच वर्तुळ तुमच्या वर्गात काढा. तुमच्या मुलांनी त्यांच्या घरात आलेलं आणायचं: भाजीचं देठ, फळाची बी, माशाचा खवला, आणि ते कुठून आलं ते बाजारात विचारून लिहायचं. मला खात्री आहे, बटाटा आणि टोमॅटो बाराच्या बारा घरांत लटकतील. मग पाड्यावरच्या किंवा कोळीवाड्यातल्या एखाद्या आजींना बोलवा आणि त्यांना शेजारी त्यांचं वर्तुळ भरायला सांगा. मुलं दोन्ही वर्तुळांसमोर उभी राहू देत. तुम्ही काही बोलू नका.

दुसरं, जागा एकच धरा. सहा दिवसांत सहा ठिकाणं करू नका. एकच ओहोळ किंवा एकच धक्का, सहा वेळा, वेगवेगळ्या महिन्यांत.

तिसरं, जो माणूस शिकवायला येईल त्याचं नाव वेळापत्रकात विषयासमोर घाला, जसं तुमचं घालतात. बाहेरच्या व्याख्यात्याला शाळा जितकं मानधन देते तितकंच द्या. मुलं वहीत जे लिहितील त्यापुढे 'हे कुणी सांगितलं' ते लिहू देत, अर्थात त्या माणसाला विचारून. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे, त्याखाली गावागावांत आणि शहरांतसुद्धा लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या मुलांची वही हे त्याचंच लहान रूप होईल.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवीन शास्त्र आहे असं कुणी म्हणालं तर सांगा, की याच जुन्या ठाणे जिल्ह्यात (पालघर वेगळा झाला २०१४ साली) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथे शाळा. मोजायला बिया, खडे, शंख-शिंपले. तरुणपणी मी कोसबाडची टेकडी चढून गेलो होतो ते अजून डोळ्यांपुढे आहे.

---

दिवागावचा · १३ मे

बाई, मी तुमच्या शेजारचाच. दिवागाव कोळीवाडा. आजा आणि बाप खाडीवर जगले, मी नोकरी करतो आणि सुट्टीला पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकतो.

मुलांना होडीत बसवून फ्लेमिंगो दाखवणं चांगलंच आहे. ती सोय ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होते, आमचीच पोरं होड्या चालवतात. पण तुम्हाला हाताने करायचं शिक्षण हवंय तर भरतीपासून सुरू करा. त्याला एक काठी आणि एक पंचांग लागतं, बस.

माझ्या आज्याला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिथी मात्र पाठ. हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. हे कारण मला कॉलेजात कळलं, आज्याला हिशेब त्याच्या आज्याकडून आलेला. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेलं. आजा म्हणायचा, 'भांगेला जालं टाकून काय भेटनार?'

मुलांना आणायचं तर पुनव किंवा अवस झाली की बीज-तीजेला आणा, सकाळी सव्वासातपर्यंत. तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि चिखल उघडा पडतो. धक्क्याच्या पायऱ्यांवरूनच बघायचं, चिखलात कुणी उतरायचं नाही. मांडीपर्यंत पाय जातो आणि काचा असतात. दहा मिनिटं गप्प बसलं की निवट्या बाहेर येतात. मासा आहे, पण परांवर रांगत चालतो, अंग ओलं असेल तोवर कातडीतून श्वास घेतो. दोन नर एकमेकांसमोर पाठीवरचा पर उभारून भांडताना दिसले तर मुलं घरी जायचं विसरतील.

तिवराचं, म्हणजे इथल्या खारफुटीचं, पान उलटं करून बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागतं. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे टाकतं. पान तोडायचं नाही, फांदी वाकवून दाखवायचं. खारफुटी राखीव वन आहे, तोडणं गुन्हा. शेजारी चिखलातून वर आलेल्या काड्या असतात त्या तिवराच्या श्वासाच्या मुळ्या. तिथे प्लास्टिक अडकलेलं दिसेल. मुलांना ते बघू द्या, झाकू नका.

पाग आणि एक जुनं जाळं मी घेऊन येईन. जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, बोटं घालून मोजायला लावीन. एका बोटाच्या आसाला काय अडकतं, दोन बोटांच्या आसातून काय सुटतं. माझ्या बापाने बोईटाची पिल्लं अडकतील असं जाळं आयुष्यात विकत घेतलं नाही. यांत्रिक होड्यांना सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, आमच्यात तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रात जाणं नाही. मासा अंड्यावर असतो तेव्हाचे दिवस.

एक सांगतो, मनात आहे म्हणून. २०१५ ला खाडीचा पट्टा अभयारण्य झाला, २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, फलक लागले, आनंद आहे. पण जिताडा आता आम्हाला महिना-महिना दिसत नाही. मुलांनी फ्लेमिंगो मोजावेत, आणि आमच्या म्हाताऱ्यांना 'पूर्वी काय मिळायचं' हेही विचारावं. ती मोजणी कुणीच करत नाही. तुमच्या शाळेखाली काय होतं तेही विचारा: भातखाचरं, खाजण, मिठागर. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली, त्याआधी प्रत्येक शेताला नाव होतं. माझ्या आत्याला अजून बावीस नावं येतात.

पैशाचं गुरुजी म्हणाले तसं. मला नको, पण ज्या म्हाताऱ्याला आणीन त्याला द्या. त्याचा अर्धा दिवस मोडतो.

---

नौपाड्यातली आई · १३ मे

छोटीशी भर. रान नेहमी रानातच बघायला हवं असं नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात डोंगरावरच्या बायका शेवळं घेऊन बसतात, शेजारी काकडांचा वाटा. आम्ही सीकेपी, आमच्याकडे शेवळांशिवाय पावसाळा सुरू होत नाही. शेवळं खाजरी असतात, काकड या आंबट हिरव्या फळाच्या रसात शिजवल्याशिवाय घसा धरतात. वरचं पान काढायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, हाताला तेल लावून चिरायचं. दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत का विकतात, हा प्रश्न मुलांना विचारा. आमच्या आजेसासूबाई वर्षानुवर्षं एकाच बाईकडून घ्यायच्या. त्या बाईला किती माहिती असेल हे मला आज, हा धागा वाचताना जाणवलं. मी तिच्याशी भाव सोडून कधी बोलले नाही.

---

पाड्यावरून · १५ मे

मी येऊरची. वारली. ठाण्याला कॉलेज केलं, आता पाड्यावर मुलांच्या शिकवण्या घेते.

मॅडम, तुम्ही गेलात तो पाडा कुठला ते मला माहीत नाही आणि विचारत पण नाही. पण अशा सहली आमच्याकडे येतात. मागे एक आली होती. माझी आजी दारात भात पाखडत होती, पंधरा-वीस मुलांनी तिला घेरून फोटो काढले. सोबतचे मोठे लोक म्हणाले, 'आजी, डोक्यावर घ्या ना ते, छान येईल.' तिने घेतलं. नंतर मला विचारलं, 'यांच्या घरी पाखडत नाहीत का?' कुणी तिचं नाव विचारलं नाही. जाताना बिस्किटाचे पुडे वाटले.

तुम्ही मनापासून विचारताय म्हणून सांगते. आजीला रानातली पन्नास-साठ झाडं-भाज्या माहीत आहेत, ती यादी एका दिवसात लिहून होईल. ती यादी म्हणजे आजीचं ज्ञान नव्हे. तिला माहीत आहे ते हे, की कशाला कधी हात लावायचा नाही. पहिल्या पावसानंतर कोळीभाजी येते, गवतासारखी दिसते, मुसळीच्या जातीची. आमच्या घरी ती देवाला, कणसरीला दाखवल्याशिवाय चुलीवर चढत नाही. दिवस ठरतो, सगळा पाडा एकदमच खायला लागतो. तोवर भाजी बाजूलाच उगवलेली असते, पोरं बघत असतात, पण कुणी खुडत नाही. शेवळाला आधी फूल येतं, पान मागून. आजी फूल वरून कापते, कंद हलवत नाही. एका जागी पाच दिसली तर दोन तिथेच राहतात. का राहू देते असं मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, 'पुढच्या वर्षी येणार ना आपण?'

वाघोबाचं पण असंच. वाघबारशीला त्याला मान देतो. आमच्याकडे बिबटे आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार पडला की मुलं एकटी बाहेर नाहीत, वाटेने बोलत जायचं, वाकून बसायचं नाही. हे सगळं वाघोबाच्या गोष्टीबरोबर येतं, वेगळं शिकवत नाहीत.

तुमच्या मुलांना आणायचं असेल तर पंधरा-वीस आणा, साठ नको. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याची परवानगी काढा. उद्यानातलं पानही तोडता येत नाही, म्हणून खुडणं-वेचणं तिथे नको. बघणं, वास घेणं, नाव विचारणं चालेल. कॅमेरा एकच ठेवा, तोही विचारून. मुलांनी येताना आजीला विचारायचे प्रश्न घेऊन यावं आणि आजी त्यांना विचारेल त्याची उत्तरंही द्यावीत. तिला फार उत्सुकता आहे, तुमच्याकडे पाणी वरच्या मजल्यावर कसं चढतं याची.

आणि चित्रं काढायचीच असतील तर छापील चौकट नको. आमच्यात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, भिंत सारवून, तांदळाच्या पिठाने, काडीने. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर नेली, त्यांना पद्मश्री मिळाली, आम्हाला त्याचा अभिमान आहे. मुलांनी पीठ स्वतः वाटावं, काडी स्वतः ठेचावी. आणि जे त्यांनी स्वतः पाहिलं तेच काढावं. खाडी काढू देत. तारपा कशाला?

---

घोडबंदरवरून · १६ मे

मनापासून शंका आहे, वाद नाही. माझा मुलगाही सातवीत आहे. 'देवाला दाखवल्याशिवाय भाजी खायची नाही' हे विज्ञानाच्या तासाला कसं सांगणार? श्रद्धा म्हणून सांगितलं तर विज्ञान राहत नाही, आणि 'खरं कारण हे' म्हणून आपण परस्पर सांगितलं तर त्या लोकांचा अपमान होतो.

---

कळव्याचे गुरुजी · १६ मे

चांगली शंका. दोन्ही करू नका. पाड्यावरच्या ताईंनी सांगितलं तसंच, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग मुलांना विचारा, सगळ्यांनी एकाच दिवशी खायला सुरुवात केली तर त्या भाजीचं काय होत असेल? आणि करून बघायला लावा. टाकळा कुठेही उगवतो, रस्त्याकडेला सुद्धा. चार कुंड्यांत तो लावा. दोन कुंड्यांतला कोवळा पाला उगवल्याबरोबर खुडत राहा. दोन कुंड्या महिनाभर तशाच ठेवा आणि मग वरवर खुडा. दिवाळीपर्यंत शेंगा मोजा. आकडे मुलांचे, नियम पाड्याचा. दोन्ही एका पानावर लिहिलं की मुलंच बोलतील. आणि शेंगा दोन्हीकडे सारख्या निघाल्या तर तेही लिहायचं, आणि ताईंच्या आजींना जाऊन विचारायचं की असं का झालं असेल.

---

ऐरोलीच्या बाई · १९ जुलै

सगळ्यांना नमस्कार. दोन महिने काहीच लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही व्हायला हवं होतं.

शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात वर्तुळ काढलं. भिंतीला खिळे ठोकायला परवानगी मिळाली नाही, म्हणून जुन्या गोणपाटावर रंगाने काढून खिडकीला टांगलं आहे. गुरुजी, बटाट्याचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, शिवाय सफरचंद. जूनमध्ये सफरचंदाची बी नऊ जणांनी आणली आणि ते कुठून आलं हे नवातल्या एकालाही सांगता आलं नाही. दोघं फळवाल्याकडे परत जाऊन विचारून आली.

नौपाड्याच्या ताईंबरोबर मी जांभळी नाक्यावर गेले. ज्या मावशींकडून शेवळं घेतली त्यांना तीनदा भेटल्यावर त्या शाळेत यायला तयार झाल्या. मानधनाचा घोळ झाला, लेखा विभागाला बिल आणि पॅन हवं होतं. मावशींकडे पॅन नव्हतं. शेवटी साध्या पावतीवर अंगठा चालला, पण त्यात दहा दिवस गेले, शेवळं संपत आली होती. ज्यांना असं करायचं आहे त्यांनी हे आधी मिटवून ठेवा. वेळापत्रकात मी 'रानभाज्या' असं लिहून पुढे मावशींचं नाव घातलं. ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून तो कागद मागून घेतला.

मावशी टेबलावर बसायला तयार नव्हत्या. जमिनीवर बसल्या, मग मुलंही जमिनीवर बसली, मग मीही. तेल लावून सगळ्यांनी शेवळं सोलली. दोन मुलांनी तेल नीट लावलं नाही, त्यांच्या बोटांना खाज सुटली. मावशींनी काकड फोडून बोटांवर चोळलं. 'आता कळलं ना, हे का सोबत विकते?' एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी वर्गात जी शांतता होती ती माझ्या तेरा वर्षांत कुठल्या प्रयोगाला आली नाही. चव बघायची परवानगी पालकांकडून आधी लिहून घेतली होती. काहींनी नको म्हटलं, त्यांना आग्रह केला नाही.

आणि खाडी. गुरुपौर्णिमेनंतरच्या बीजेला सकाळी सात वाजता अठरा मुलं घेऊन दिवागावच्या दादांकडे गेलो. दादांनी सोबत एका आजोबांना आणलं होतं. मुलांनी आदल्या दिवशी हिशेब करून फळ्यावर लिहिलं होतं: दोनाची पाऊणपट दीड, दीडला भरती, म्हणून सकाळी साडेसाताला ओहोटी. धक्क्याच्या पायरीला दर पाच सेंटीमीटरवर खुणा केलेली काठी बांधली. दर दहा मिनिटांनी एक जोडी आकडा वाचायची. साडेसात झाले, पाणी उतरतंच आहे. पावणेआठ, अजून उतरतंय. मुलं अस्वस्थ झाली. एक मुलगी तर रडवेली झाली, तिला वाटलं आपलं गणित चुकलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पाणी थांबलं आणि पुढच्या वाचनाला दोन खुणा वर आलं.

तिने आजोबांना विचारलं, 'हिशेब चुकीचा आहे का?' आजोबा म्हणाले, 'हिशेब दर्यावरचा. इथं पानी कुठून येतं बघ. तोंडाशी भरलं का मग आत येनार, आत येईस्तोवर येल लागनारच की.' मग त्यांनी बोटाने चिखलावर खाडी काढून दाखवली, मुंबईपासून ठाण्यापर्यंत, वरती अरुंद होत गेलेली. मुलीने वहीत लिहिलं: 'ऐरोलीला साधारण पाऊण तास मिळवायचा.' खाली आजोबांचं नाव आणि तारीख. पुढच्या अवसेनंतर तपासून बघायचं असं तिचं तिने ठरवलंय.

निवट्या अकरा मोजल्या. तिवराचं पान चाटायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं, नंतर रांग लागली. ज्या मुलीने 'आई म्हणते घाण आहे' असं सांगितलं होतं ती आईला घेऊन रविवारी परत धक्क्यावर गेली होती, असं दादांनी फोनवर सांगितलं.

टाकळ्याच्या चार कुंड्या व्हरांड्यात आहेत. घोडबंदरच्या दादा, तुमचा मुलगा इकडे आला तर दाखवीन.

पाड्यावरच्या ताई, वनखात्याचं परवानगीपत्र कालच आलं. सप्टेंबरचा दुसरा शनिवार तुम्हाला आणि आजींना चालेल का? सोळा मुलं असतील, कॅमेरा आणणार नाही. प्रश्नांची यादी तयार होते आहे, ती आधी तुम्हाला पाठवते. एखादा प्रश्न विचारू नये असा वाटला तर खोडा. आणि पाणी वरच्या मजल्यावर कसं चढतं ते आजींना सांगण्यासाठी तीन मुलं बादली, नळी आणि हातपंपाचा मोडका दट्ट्या घेऊन येणार आहेत. त्यांची तयारी रोज मधल्या सुट्टीत चालू आहे, अजून पाणी नीट चढत नाही.